हरळी खणू का औषध मारू, पत्रे फोडू का उतरवू? वाचकांचे प्रश्न

शिमगा झाला की आपल्याकडं घराची कामं निघतात, कौलं शाकारायची, गोठ्याचे पत्रे बदलायचे, परडं साफ करायचं आणि हे सगळं मिरग लागायच्या आत. त्यामुळं या वेळची पत्रं पण तसलीच आलीत, येळ्ळूर, खानापूर, निपाणी, हल्याळ, सगळीकडनं. एक गोष्ट आधीच सांगते कारण खालच्या बऱ्याच उत्तरांत ती येणार आहे. नको असलेली वस्तू काढायची म्हटली की आपण पहिल्यांदा हत्यार शोधतो, कुदळ कुठाय, ब्रेकर भाड्यानं मिळतो काय, कुठलं औषध मारायचं. त्याच्या आधी ती वस्तू कशानं धरून बसलीय ते बघायला पाहिजे. गवत मुळावर आहे का गाठीवर, पत्रा हुकावर आहे का सिमेंटात बसवलाय, रंग लाकडाला चिकटलाय का खालच्या रंगाला. तेवढं कळलं की निम्मे कष्ट वाचतात, आणि जे ठेवण्यासारखं आहे ते फुटत नाही.

प्रश्न (येळ्ळूरहून एक ताई): आमच्या घरामागं चार गुंठे परडं आहे, काळी माती. गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर ट्रॅक्टरवाल्याला बोलावून रोटर मारून घेतला, पंधरा दिवस काय सुंदर दिसत होतं, आणि मग जी हरळी आली ती पहिल्यापेक्षा जास्त, मधे मधे लव्हाळा पण आहे. शेजारचे काका म्हणतात तणनाशक मार आणि मोकळी हो. मला तिथं वांगी, मिरच्या, मेथी असं घरापुरतं करायचंय. काय करू सांगा की वो.

उत्तर: ताई, रोटर चुकीचा नव्हता, वेळ चुकीची होती. हरळी दोन प्रकारे पसरते, वर जमिनीवर धावणारे तंतू आणि खाली मातीत पांढरट कांड्या, आणि त्या प्रत्येक कांडीच्या पेरावर डोळा असतो. रोटरनं त्या कांड्यांचे हजारो तुकडे केले आणि लगेच वरनं पाऊस पडला, म्हणजे तुम्ही पैसे देऊन चार गुंठ्यांत हरळीची लावणी करून घेतली असं झालं. तेच काम आत्ता कडक उन्हात केलं तर उलटं होतं, कांडी वर येऊन वाळते आणि मरते. त्यामुळं आत्ता, जमीन कोरडी आहे तोवर, कुदळीनं किंवा टिकावानं वीतभर तरी खोल खणून ढेकळं उलटी टाका, फोडू नका, ढेकळं तशीच आठ-दहा दिवस तापू देत. काळ्या मातीचं एक बरं असतं, उन्हाळ्यात ती भेगाळते आणि ऊन आतपर्यंत जातं. मग ढेकूळ हातानं फोडून कांड्या वेचायच्या. हे कंटाळवाणं काम आहे, मी खोटं सांगत नाही, पण एकदम चार गुंठे धरू नका, यंदा एक गुंठा नीट करा, बाकीचा पुढच्या वर्षी. अर्धवट साफ केलेले चार गुंठे पहिल्या पावसात परत हरळीचे होतात. वेचलेल्या कांड्या उकिरड्यात टाकायच्या नाहीत, तिथं त्या जगतात आणि खताबरोबर परत परड्यात येतात. फरशीवर पसरून पार कुरकुरीत वाळवा, मग काय करायचं ते करा.

आता लव्हाळा. आधी तो लव्हाळाच आहे ना बघा, दांडा दोन बोटांत धरून फिरवला तर तीन कडा लागतात, गवताचा दांडा गोल लागतो. लव्हाळ्याचं सगळं बळ खालच्या गाठीत, त्या माळेतल्या मण्यांसारख्या एकाला एक जोडलेल्या असतात. जोवर माळ अख्खी आहे तोवर पुढची गाठ फुटते आणि मागच्या बऱ्याचशा झोपून राहतात. तुम्ही वरनं उपटलं की दांडा हातात येतो, माळ खाली तुटते आणि झोपलेल्या गाठी पण फुटायला लागतात. म्हणून लव्हाळा ‘उपटून वाढला’ असं आपल्या आज्या म्हणायच्या ते खरंच आहे. त्याला दोनच उपाय लागू पडतात. एक म्हणजे उन्हाळ्यात खणून गाठी वर आणून पार सुकवणं, गाठीतलं पाणी गेलं की ती मरते, ओल्या मातीत राहिली तर वर्षानुवर्षं टिकते. दुसरा म्हणजे उपाशी मारणं, म्हणजे नवीन कोंब वर आला की दोन-तीन आठवड्यांच्या आत खुरप्यानं कापायचा, परत आला परत कापायचा. त्याच्यापेक्षा जास्त सोडला तर पानं खाली नवीन गाठी भरायला लागतात आणि तुमची आधीची मेहनत गेली. पाळी चुकवायची नाही एवढंच त्यातलं शास्त्र.

जिथं वाफे करणार आहात तेवढ्या जागेत एप्रिल-मे मध्ये प्लास्टिक टाकून माती तापवा. खणून, कांड्या-गाठी वेचून, जमीन सपाट करून चांगलं पाणी द्यायचं, मग पातळ पारदर्शक प्लास्टिक जमिनीला घट्ट बसेल असं पसरायचं, पंचवीस ते पन्नास मायक्रॉनचं पुरे, आणि चारी कडा मातीत पुरून टाकायच्या, म्हणजे वळवाचा वारा आला तरी उडत नाही. चार ते सहा आठवडे हात लावायचा नाही. आत वरच्या दोन इंचात माती पंचेचाळीस-पन्नास अंशापर्यंत तापते, तणाचं बी मरतं, वरच्या थरातल्या कांड्या पण मरतात, खोलवरच्या काही राहतात, त्या वेचायच्या. प्लास्टिक काळं घेऊ नका, लव्हाळ्याचा कोंब सुईवाणी टोकदार, अंधारात तो सरळ वर येऊन काळा कागद भोकसतो, पारदर्शक कागदाखाली त्याला उजेड मिळतो, तो तिथंच पान उघडतो आणि उन्हानं भाजतो.

पाऊस लागला की मोकळी जमीन ठेवायची नाही हे तर नक्की. हरळी आणि लव्हाळा दोघांनाही सावली सोसत नाही. भाजी लावणार नसाल त्या भागात ताग किंवा चवळी दाट पेरा, फुलावर यायच्या आत कापून तिथंच टाका. वाफ्यात झाडांच्या मधे उसाचं पाचट जाड पसरा, आपल्याकडं पाचटाला काय तोटा, लोक जाळून टाकतात. आणि बांधावरनं, रस्त्याच्या कडेनं हरळी परत आत येणार, तिला अडवायला जुन्या शहाबादी फरशीचे तुकडे उभे करून फूटभर खोल कडेनं पुरा, वर चार बोटं दिसू देत, म्हणजे वरनं येणारा तंतू लगेच दिसतो आणि कापता येतो.

तणनाशकाबद्दल माझं स्पष्ट मत, घरामागच्या खायच्या परड्यात नको. ग्लायफोसेट पानातनं मुळापर्यंत जातं, हिरव्या वाढत्या गवतावर चालतं हे खरं आहे, पण वाऱ्यानं उडालेला फवारा तुमच्या कढीपत्त्याला, शेजारच्या मिरचीला सोडत नाही. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला माणसात कर्करोग होण्याची बरीच शक्यता असलेल्या गटात घातलं, बऱ्याच देशांच्या सरकारी यंत्रणा ते मानत नाहीत, वाद आहे, आणि आपल्या केंद्र सरकारनं २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये अधिसूचना काढली की ग्लायफोसेट परवानाधारक कीड-नियंत्रणवाल्यांमार्फतच मारायचं. आणि पॅराक्वॉट तर घरात आणूसुद्धा नका, ते पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही, थोडं गेलं तरी जीव जातो, लोक पाण्याच्या बाटलीत काढून माळ्यावर ठेवतात त्याची मला फार भीती वाटते.

एका कोपऱ्यात कुंडीत मूठभर हरळी राहू दे. गणपतीला दुर्वा लागतातच, आणि दुर्वा म्हणजे हीच की.

प्रश्न (खानापूर तालुक्यातून एक काका): गोठ्यावर आणि मागच्या सोप्यावर तीस वर्षांपूर्वीचे सिमेंटचे पत्रे आहेत, काळे पडलेत, दोन ठिकाणी गळतंय. आता रंगीत लोखंडी पत्रे घालायचेत. गवंडी म्हणतोय वर चढून हातोड्यानं फोडून खाली पाडूया, अर्ध्या दिवसात होतंय. बरोबर काय?

उत्तर: काका, बिलकूल नको, आणि कारण दोन आहेत, दोन्ही जिवाची.

पहिलं, वर चढणं. जुना सिमेंट पत्रा वरनं घट्ट दिसतो पण त्याच्यात ताकद राहिलेली नसते, माणूस मधोमध पाय ठेवतो आणि पत्र्यासकट खाली येतो. दर उन्हाळ्यात कुठं ना कुठं हे होतं. पत्र्यावर थेट पाय ठेवायचाच नाही, खालच्या वाशांवर आधार मिळेल अशी जाड लांब फळी आडवी टाकून तिच्यावरच वावरायचं. त्याहून चांगलं म्हणजे खालनं घोडा लावून, आतल्या बाजूनं नट सोडवून पत्रा उतरवायचा.

दुसरं, धूळ. हे पत्रे सिमेंटमधे अॅसबेस्टॉसचा तंतू घालून केलेले असतात. पत्रा अख्खा आहे, निर्मळ आहे तोवर त्याच्याखाली राहण्यात मोठा धोका नाही, पण तो फोडला, ग्राइंडरनं कापला, ब्रशनं कोरडा घासला की डोळ्याला न दिसणारे तंतू हवेत उडतात आणि श्वासातनं फुफ्फुसात जाऊन तिथंच बसतात. त्याचा आजार वीस-तीस वर्षांनी उठतो, म्हणून आज फोडणाऱ्याला काही होत नाही असं वाटतं. गवंडी पण कुणाचा तरी बाप आहे, त्याला पण हे सांगा.

मग कसं उतरवायचं. वारा नसलेली सकाळ धरा. पत्रे आधी पाण्यानं भिजवा, पाण्यात थोडा साबण टाकला तर पाणी चांगलं मुरतं, जोरात फवारा नको, झारीनं किंवा हळू पाइपनं. पत्रा हुक बोल्टवर धरलेला असतो, त्याचे नट गंजलेले असणार, आदल्या दिवशी तेल सोडून ठेवा, नाही फिरले तर बोल्ट कटरनं हुक तोडा, ग्राइंडर लावायचा नाही. सगळे हुक सुटले की पत्रा दोघांनी धरून अख्खा खाली द्यायचा, टाकायचा नाही. साधा कापडी मास्क याला चालत नाही, एन-९५ पण या तंतूंना पुरत नाही, हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात मिळणारा पी-१०० फिल्टरचा मास्कच पाहिजे. जनावरं बाहेर बांधा, पोरं लांब, वैरण झाकून ठेवा. काम झाल्यावर खालचा चुरा झाडून काढायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसून फडक्यासकट पिशवीत बांधायचा. अंगावरचे कपडे वेगळे धुवायचे.

उतरवलेले पत्रे फोडून रस्त्याच्या खड्ड्यात घालायची पद्धत आहे, ती करू नका, गाड्यांच्या चाकाखाली तोच चुरा उडतो. जाड प्लास्टिकमधे गुंडाळून एका कडेला ठेवा आणि कुठं द्यायचे ते ग्रामपंचायतीत, नाहीतर बेळगावच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ऑफिसात विचारा, घातक कचऱ्याच्या नियमात हे बसतं. आणि जे पत्रे गळत नाहीत, भेग नाही, ते या वर्षी काढायची घाई आहे काय तेवढा एकदा विचार करा.

प्रश्न (शहापूर, बेळगाव): आजोबांच्या वेळचं सागवानी दार आणि दोन खिडक्या आहेत, त्याच्यावर ऑइल पेंटचे किती थर आहेत देव जाणे, हिरवा, त्याच्याखाली पिवळा, त्याच्याखाली अजून काहीतरी. मूळ लाकूड दाखवायचंय. सुतार म्हणाला मशीननं पॉलिश पेपर मारतो. घरात दीड वर्षाचं बाळ आहे.

उत्तर: बाळ आहे हे लिहिलंत फार बरं केलंत, कारण उत्तर त्याच्यावरनंच ठरतं. जुन्या ऑइल पेंटमधे शिसं असायचं, पिवळ्या, हिरव्या, लाल रंगात तर जास्तच. आपल्याकडं घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको हा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, म्हणजे तुमच्या दारावरचे जुने थर त्याच्या आधीचे. कोरडा पॉलिश पेपर मशीननं मारला की ती धूळ घरभर बसते, रांगणारं बाळ जमिनीवरचे हात तोंडात घालतं, आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं, तो नंतर भरून निघत नाही.

त्यामुळं बिजागऱ्या काढून दारं-खिडक्यांच्या झडपा बाहेर अंगणात न्या, खाली प्लास्टिक अंथरा, बाळ आणि घरात कुणी गरोदर असेल तर त्या कामाच्या आसपास नको. रंगाला पाण्यानं भिजवून पत्रीनं खरवडायचं, पेपर मारायचा तर पाण्याचा, ओला. पेंट रिमूव्हर लावून पण निघतो, उघड्यावर आणि रबरी हातमोजे घालून. गॅसच्या बर्नरनं रंग जाळायची काही सुतारांची सवय असते, ती नको, शिशाचा धूर होतो. कॉस्टिक सोडा पण नको, सागवान काळं पडतं आणि तुम्हाला जे दाखवायचंय तेच जातं. चौकट भिंतीतच राहणार, तिथं मात्र रंग घट्ट असेल तर खरवडू नका, ओला पेपर हलका फिरवून वरनं नवीन रंग द्या. निघालेली साल पिशवीत भरून द्या, चुलीत नाही, आणि संध्याकाळी ओल्या फडक्यानं दोनदा पुसा.

प्रश्न (नंदगड): मातीच्या भिंतीला दहा वर्षांपूर्वी सिमेंटचं प्लास्टर केलं होतं, आता खालनं दोन-तीन फूट फुगून सुटतंय. सगळं काढून परत चांगलं जाड सिमेंट मारावं म्हणतोय.

उत्तर: दादा, परत सिमेंट मारलं तर पाच-सात वर्षांनी हेच पत्र परत लिहावं लागेल. मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि हवेत सोडते, पिढ्यानपिढ्या तशीच उभी आहे. सिमेंटनं तिचं तोंड बंद केलं, ओल आत अडकली, लोणा साठला, त्यानंच प्लास्टर ढकललं. नुसतं प्लास्टर पडतं तेवढंच नाही, आतली माती मऊ होत जाते आणि बाहेरनं कळत नाही. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पावसात आपल्या जिल्ह्यात मातीच्या किती घरांच्या भिंती बसल्या हे आपण सगळ्यांनी बघितलंय, म्हणून हा प्रश्न साधा समजू नका.

काढताना ब्रेकर लावायचा नाही, धक्क्यानं भिंतच हलते. आधी मेन स्विच बंद, जुनी वायरिंग प्लास्टरच्या आत कुठं कुठं असते सांगता येत नाही. मग भिंतीवर लाकडी दांड्यानं हळू ठोकत जा, जिथं पोकळ आवाज येतो तिथं प्लास्टर आधीच सुटलंय, छन्नी आडवी धरून कडेनं सरकवली की पापुद्रा येतो. जिथं भरीव आवाज येतो आणि माती पण ओढून येतेय तिथं जबरदस्ती करू नका, तेवढा तुकडा राहू दे. तुळईखालची भिंत असेल तर टेका लावल्याशिवाय हात घालायचा नाही. खालचा दोन-तीन फूट पट्टा एकदम सगळा उघडा नको, टप्प्याटप्प्यानं.

उघडी केलेली भिंत वाळू दे, खानापूर भागात भिंती दिवाळीनंतर पण ओल्या असतात, त्यामुळं आत्ता काढाल तर मेपर्यंत तिला वारं-ऊन मिळेल. वाळल्यावर भुसा घातलेल्या मातीचा गिलावा आणि वरनं चुन्याचा हात, हे करणारी म्हातारी माणसं तुमच्या गावात अजून असतील, त्यांना बोलवा, एखादा तरणा गडी त्यांच्या हाताखाली द्या म्हणजे काम पुढं राहतं. आणि भिंतीच्या बाहेर माती चढत चढत जोत्याच्या वर आली असेल तर ती पहिल्यांदा खणून काढा, कौलाच्या पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात का बघा. मूळ दुखणं बहुतेक तिथंच असतं.

प्रश्न (निपाणी): कंपाउंडच्या कडेनं काँग्रेस गवत माजलंय. काढलं की हाताला, मानेला खाज उठते. मिठाचं पाणी मारू का?

उत्तर: खाज त्या गवतातल्या रसायनानंच उठते, काहींना तर नुसतं जवळनं गेलं तरी चेहरा सुजतो, दमा असेल त्यांनी लांबच राहावं. उपटणाऱ्यानं पूर्ण बाह्याचा शर्ट, हातमोजे, तोंडाला फडकं. हे गवत गाठीवर नाही, बियावर जगतं, एक झाड हजारोंनी बी टाकतं. म्हणून पांढरी फुलं यायच्या आत, पावसानं माती मऊ असताना मुळासकट उपटायचं, तेव्हाच ते खतात पण घालता येतं. फूल आल्यावर उपटून रस्त्याकडेला टाकलं तर तुम्हीच बी पसरवता. मिठाच्या पाण्यानं ते करपतं, साधारण पाच लिटर पाण्याला किलोभर मीठ लागतं, पण ते उजाड माळाला ठीक, तुमच्या कंपाउंडच्या लोखंडाला आणि झाडांना ते मीठ खातं. टू-फोर-डी हे तणनाशक कुणी सुचवलं तर लक्षात ठेवा, तुमच्या भागात तंबाखू आहे, टोमॅटो आहे, त्या पिकांना त्याचा उडालेला थेंबसुद्धा सोसत नाही.

पावसाळ्यात त्याच्या पानावर फिकट पांढरा, काळपट रेघांचा लहान भुंगा दिसला तर मारू नका, तो मेक्सिकोहून आणून १९८४ साली बेंगळूरला मुद्दाम सोडलेला आहे, तो आणि त्याच्या अळ्या हेच गवत खातात. आणि साफ केलेल्या जागेत टाकळा पेरा, तो दाट येतो आणि काँग्रेसला वर येऊ देत नाही, वर कोवळ्या पाल्याची भाजी होते ती वेगळी.

प्रश्न (हल्याळ): विहिरीच्या कठड्यात पिंपळ उगवलाय, तोडला की परत येतो. घरात पिंपळ तोडू नये म्हणतात.

उत्तर: तोडू नका, हलवा. वीतभरच असेल तर पावसात दगडाच्या सांध्यातलं भिजवून, सळईनं माती मोकळी करून मुळासकट काढा आणि देवळाच्या नाहीतर तळ्याच्या मोकळ्या जागेत लावा. मोठा झाला असेल तर वरनं छाटून उपयोग नाही, मूळ सांध्यात राहतं आणि दगड फोडतं. विहिरीचं पाणी खाली गेलेलं असताना, कंबरेला दोर बांधून, गवंड्याकडनं तेवढे दगड काढून मूळ बाहेर घ्यायचं आणि सांधा परत चुन्यानं भरायचा. विहिरीच्या तोंडाशी औषध किंवा मोरचूद काही घालायचं नाही.

प्रश्न (हिंडलगा): जुनं घर उतरवलं. कौलं, वासे, फरशी, दगडमाती सगळं परड्यात ढीग करून ठेवलंय दोन वर्षं. आता त्यात गवत वाढलंय, साप पण दिसलाय. गुजरीवाला (भंगारवाला) सगळं मिळून उचलतो म्हणतोय.

उत्तर: सगळं मिळून देऊ नका, त्या ढिगात पैसे आहेत. मंगळूरला बासेल मिशननं १८६५ साली कौलांचा कारखाना काढला तेव्हापासून ही कौलं आपल्याकडं यायला लागली, पुढं खानापूरच्या मातीची पण झाली, आणि चांगलं भाजलेलं जुनं कौल आजसुद्धा बसवता येतं. बोटानं ठोकून बघा, खणखणीत वाजलं तर ठेवायचं, भद्द वाजलं तर आत चीर आहे. वाशात मत्ती, किंदळ, सागवान काय आहे ते जाणत्या सुताराला दाखवा, वाळवी लागलेला भाग तेवढा कापून टाका. सागवान विकून गाडीनं दुसरीकडं न्यायचं असेल तर आधी वनखात्यात विचारा.

साप दिसलाय तर हात घालायच्या आधी सर्पमित्राला बोलवा. आणि दिसला नसता तरी असा ढीग उपसताना गमबूट, जाड हातमोजे, भर उजेडात, वरनं सुरू करून एक एक वस्तू लांब काठीनं नाहीतर पहारीनं आधी हलवायची, मग उचलायची. कौलाखाली बोटं घालून उचलायचं नाही, विंचू तिथंच असतात. चावलंच तर ब्लेडनं कापणं, दोरी आवळणं, झाडपाला हे काही नको, हात-पाय हलवू न देता थेट सरकारी दवाखाना, सापाच्या विषावरचं इंजेक्शन तिथं मिळतं. निवडलेलं सामान परत नीट रचताना कौलं आडवी न ठेवता उभी, विटांवर उंचावर, घराच्या भिंतीपासून लांब.

उरलेली दगडमाती नाल्यात मात्र टाकू नका. बळ्ळारी नाला तुंबला की शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात भात आठवडाभर पाण्याखाली राहतं, आणि नाल्यात काय काय सापडतं हे तिथल्या शेतकऱ्यांना विचारा. महापालिकेला नाहीतर पंचायतीला कळवून ते सांगतील तिथं द्या, पत्रा, प्लास्टिक, वायर वेगळं काढून. स्वच्छ मुरूम-दगड असेल तर कुणाच्या तरी जोत्यात भरायला लगेच जातो.

प्रश्न (टिळकवाडी): पेव्हर ब्लॉकच्या फटीतलं गवत?

उत्तर: उकळतं पाणी ओता, भात निथळल्याचं पण चालतं, चारेक दिवसांनी परत एकदा. व्हिनेगरनं वरचं पान करपतं, मूळ राहतं. मीठ घालू नका, कडेची झाडं जातात. गवत वाळलं की जुन्या चाकूनं फट खरवडून बारीक कोरडी वाळू दाबून भरा आणि पावसाआधी एकदा परत भरा, फट रिकामी राहिली की माती साठते आणि बी तिथंच धरतं. हरळी असेल तर मात्र ब्लॉक उचलूनच कांडी काढावी लागेल, ते काम मिरगाच्या आत करा.